दीड नंबराने लहान

आइस हॉकीचे स्केट्स पहिल्यांदा विकत घेणाऱ्या माणसाला पहिला धक्का नंबराचा बसतो. रोजच्या वापरातला बूट नऊ नंबरचा असेल, तर माप घेणारा त्याच्यापुढे साडेसात किंवा आठ नंबरचे स्केट्स आणून ठेवतो आणि घेणाऱ्याला वाटते की याची मोजण्यात काहीतरी गफलत झाली आहे. गफलत झालेली नसते. उत्तर अमेरिकेच्या मापपद्धतीत बहुतेक हॉकी स्केट्सचा नंबर चालण्याच्या बुटापेक्षा एक ते दीडने कमी असतो. या पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, अर्थात सुमारे ८.५ मिलिमीटर, म्हणजे दीड नंबराचा फरक जवळजवळ १२.७ मिलिमीटरचा झाला. त्यातला काही भाग केवळ आकडे घालण्याच्या रिवाजामुळे पडतो. उरलेला फरक मात्र खरा आहे आणि तो पावलाच्या पुढच्या मोकळ्या जागेचा आहे.

चालण्याच्या बुटात ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. चालताना पाऊल टाचेवर टेकते, तिथून चवड्यावर येते आणि शेवटी बोटांच्या मुळाशी वाकून जमीन सोडते. या प्रत्येक फेरीत बुटाचा सोल वाकतो, पाऊल किंचित पुढे सरकते आणि बोटे पसरतात, त्यामुळे बोटांपुढे साधारण सेंटिमीटरभर जागा नसेल तर नखे काळीनिळी पडायला वेळ लागत नाही. स्केटच्या बुटाचा तळ मात्र वाकतच नाही. त्याच्याखाली पात्याचा धारक आणि पोलादी पाते पक्के बसवलेले असल्यामुळे बोटांच्या मुळाशी वाकण्याची क्रिया जवळजवळ थांबलेली असते. ज्या हालचालीसाठी जागा राखायची ती हालचालच इथे नाही. मग ती जागा केवळ निरुपयोगी न राहता उपद्रवी ठरते.

हा उपद्रव समजण्यासाठी थोडे पात्याकडे पाहावे लागेल. हॉकीच्या स्केटचे पाते जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ घासून काढलेली असते. या पन्हळीमुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पात्याच्या लांबीच्या दिशेने बर्फावर घर्षण अत्यंत कमी असते, म्हणून मागे ढकलून पुढे जाण्याचा प्रयत्न केला तर पाते नुसते मागे घसरते. आडव्या दिशेने मात्र धार बर्फात रुतते. त्यामुळे खेळाडू पाऊल बाहेरच्या बाजूला वळवतो, पाते आतल्या धारेवर कलते करतो आणि तिरपा रेटा देतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही गोष्टी अखेर एकाच प्रश्नावर येतात: पाते किती अंशांनी आणि नेमके कधी कलले?

हा कल पायाच्या नडगीकडून घोट्याला, घोट्याकडून बुटाला आणि बुटाकडून पात्याला पोहोचतो. या साखळीत कुठेही सैलपणा असला, की हुकूम उशिरा पोहोचतो. कुऱ्हाडीचा दांडा सैल असेल तर हाताचा जोर आधी दांड्याच्या खुळखुळण्यात जातो आणि मग पात्यात, तसेच इथे घडते. समजा, तळव्यापासून १० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण घोट्याच्या जरा वर, पायाला बुटात एका बाजूला फक्त ५ मिलिमीटर हलायला वाव आहे. एवढ्याने पाय सुमारे ३ अंश कलतो आणि तोवर बूट ढिम्म उभा असतो. हे तीन अंश प्रत्येक रेट्याच्या सुरुवातीला वाया जातात, आणि धार बदलताना पाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा तो वाव दोन्हीकडचा मिळून दुप्पट होतो. माझ्या मते स्केटचा बूट हे वस्त्र नसून यंत्राचा सांधा आहे, असे मानले की त्याच्या मापाविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

या सांध्याची खीळ म्हणजे टाच. टाचेच्या हाडामागे वर जाणाऱ्या जाड स्नायुरज्जूच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या हाडांच्या खाली, दोन खोलगट जागा असतात. बुटाची मागची बाजू नेमकी या जागांमध्ये भरून बसावी अशा बेताने घडवलेली असते. ती नीट बसली तर गुडघे वाकवून पुढे झुकले तरी टाच तळावरून उचलली जात नाही. टाच उचलली जात असेल, तर बाकी सर्व मापे बरोबर असूनही तो बूट त्या पायाचा नव्हे, असे खुशाल समजावे.

म्हणूनच स्केट पायात घालण्याची एक ठरलेली रीत आहे. पाय आत सरकवल्यावर टाच जमिनीवर मागे दोनतीनदा आपटून ती खोबणीत बसवायची, नाड्या बांधायच्या आणि उभे राहायचे. ताठ उभे असताना सर्वांत लांब बोट बुटाच्या टोकाच्या कठीण टोपीला पिसासारखे निसटते टेकले पाहिजे. ते बोट अंगठाच असेल असे नाही, कारण अनेकांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते. मग खेळताना वाकवतात तसे गुडघे वाकवले, की टाच आणखी मागे जाऊन बसते आणि बोटे टोपीपासून किंचित सुटतात. बसल्या बसल्या बोटे टेकतात म्हणून बूट परत करणारे इथेच चुकतात. शिवाय शरीराचा भार आला की पावलाची कमान थोडी दबते आणि पाऊल लांबरुंद होते, दिवस उतरताना पाय किंचित सुजलेलेही असतात. सकाळी, खुर्चीत बसून घेतलेले माप त्यामुळे फसवे निघू शकते.

लांबीचा एवढा ऊहापोह केला, तरी खरे तर लांबी हे मापांतले सर्वांत सोपे माप आहे. बुटांच्या दुकानांत दिसणारे सरकत्या पट्ट्यांचे धातूचे मापयंत्र अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केले. ते टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तीन मापे देते. पावलाच्या पाठीची उंची मात्र ते सांगत नाही, आणि स्केटच्या बाबतीत घोळ अनेकदा त्या उंचीतच असतो. लांबी आणि रुंदी सारखी असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे पाऊल चपटे आणि दुसऱ्याचे उंच उभारीचे असेल, तर त्यांना एकच बूट बसणार नाही, कारण बुटाला भरायचे असते ते पावलाचे घनफळ.

ही उंची तपासायला पेन्सिल पुरते. नाड्या सोडलेल्या बुटात पाऊल ठेवून टाच मागे बसवावी, बुटाची जीभ पुढे ओढून घ्यावी आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. पेन्सिल दोन्ही कडांवर टेकली आणि पावलाला लागली नाही तर खोली पुरेशी आहे. पेन्सिल पावलावर डुगडुगत असेल, तर पाऊल बुटातून वर डोकावत आहे. अशा बुटात नाड्या कितीही आवळल्या तरी त्या टाच मागे धरून ठेवण्याऐवजी पावलाच्या पाठीवरच दाब देत राहतील. उत्पादकांनाही हा घनफळाचा प्रश्न उमगलेला आहे. पूर्वी रुंदीसाठी डी आणि ईई अशी अक्षरे असत. अलीकडे बॉअर ही कंपनी फिट १, फिट २, फिट ३ अशा तीन आकारांत, तर सीसीएम ही कंपनी निमुळता, नेहमीचा आणि रुंद अशा तीन आकारांत बूट देते. अरुंद टाच आणि उथळ पाऊल असलेल्याला पहिला आकार, तर रुंद चवडा आणि उंच पाठ असलेल्याला तिसरा, अशी ही ढोबळ विभागणी आहे.

सैल बुटाचे दुष्परिणाम मोठे फसवे असतात, कारण ते घट्ट बुटाच्या दुष्परिणामांसारखे दिसतात. तळव्यात पेटके येऊ लागले की खेळाडू बूट आवळ आहे असे म्हणून पुढच्या वेळी मोठा नंबर घेतो. प्रत्यक्षात अनेकदा पाऊल बुटात सरकत असल्यामुळे बोटे नकळत आत वळून तळाला पकडून ठेवण्याची धडपड करत असतात, आणि त्या सततच्या आकुंचनाने तळव्याचे लहान स्नायू थकतात. मोठ्या नंबराने हा त्रास वाढतो. तीच गत घोट्यांची. बर्फावर उभ्या राहिलेल्या मुलाचे दोन्ही घोटे आत कोसळताना दिसले की त्याचे घोटे कमजोर आहेत असा निकाल दिला जातो. बिचाऱ्या घोट्यांचा अपराध फारच क्वचित असतो. बहुधा बूट मोठा, मऊ किंवा सैल बांधलेला असतो, किंवा पात्याच्या दोन धारा एका उंचीच्या नसतात. वाढत्या वयाच्या मुलांना दोन वर्षे पुरेल असा बूट घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण अर्ध्या नंबरापेक्षा, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरपेक्षा, जास्त वाढीची जागा ठेवली तर त्या मुलाला दोन वर्षे स्केटिंग न शिकण्याचीच सोय केल्यासारखे होते. जाड मोजे घालूनही ही जागा भरून निघत नाही. मोज्याचा थर दाबला जातो आणि त्वचा व अस्तर यांच्यामध्ये सरकत राहतो, म्हणून खेळाडू पातळ मोजेच पसंत करतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमधले नामांकित खेळाडू बॉबी ऑर तर मोजे न घालताच खेळत असत. ऑर यांनी १९७४-७५ च्या हंगामात बचावपटू असून ४६ गोल केले होते. एका हंगामात बचावपटूने केलेल्या गोलांचा हा विक्रम १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून पॉल कॉफी यांनी मोडला, आणि हे कॉफीही स्वतःच्या बुटाच्या नंबरापेक्षा खूपच लहान स्केट्स वापरण्यासाठी प्रसिद्ध होते. यावरून गोल आणि बुटाचा नंबर यांचे समीकरण मांडण्याचे कारण नाही. कॉफींइतके लहान बूट सामान्य माणसाने घातले तर बोटांचा रक्तपुरवठा रोडावून ती थंड व बधिर पडण्याची शक्यताच अधिक.

नवा बूट ‘चावतो’ असे आपण म्हणतो, आणि गंमत म्हणजे हॉकीपटूंच्या बोलीतही एका दुखण्याला ‘लेस बाइट’, अर्थात नाडीचा चावा, असेच नाव आहे. घोट्यासमोर, जिथे पाऊल नडगीला मिळते, तिथून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंच्या रज्जू त्वचेच्या अगदी खालून जातात. नाड्या फार आवळल्या किंवा बुटाची जीभ कडक वा झिजलेली असली, की प्रत्येक वेळी गुडघा वाकताना या रज्जूंवर दाब येतो आणि त्या सुजतात. टाच वरखाली घासत राहिली तर टाचेच्या मागे हाडाचा उंचवटा हळूहळू मोठा होतो, आणि आतल्या घोट्यावर सतत घर्षण झाले तर तिथे द्रवाने भरलेली फुगवटी येते. या तिन्ही दुखण्यांत एकूण दाब मोठा असतोच असे नाही, तो थोड्या जागेवर एकवटलेला असतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तेच बल साऱ्या पावलावर पसरले तर बूट नुसता घट्ट जाणवतो, नखाएवढ्या जागेवर आले तर तो चावतो. खरेदी करताना ओळखायचा फरक हाच आहे. सगळीकडून सारखा आवळपणा असेल तर तो चांगला. एकाच ठिकाणी टोचत असेल तर तिथे हाडाचा आणि बुटाचा आकार जुळत नाही.

चामड्याच्या बुटांच्या काळात हा न जुळणारा आकार वापरून वापरून जुळत असे, मात्र तोवर खेळाडूची पावले सोलून निघत, आणि बूट पायाच्या घडीत आला की थोड्याच काळात तो मऊ पडून निकामी होई. आजचे बूट कार्बन तंतूंसारख्या मिश्र पदार्थांचे असतात; ते वापराने फारसे सैलावत नाहीत, त्यामुळे वापरता वापरता होतील ठीक या आशेला जागा उरलेली नाही. त्याऐवजी उष्णतेची मदत घेतली जाते. बूट काही मिनिटे साधारण ८० अंश सेल्सिअसला खास भट्टीत ठेवला की आतला फोम आणि बाहेरचे कवच नरम होते. मग तो पायात घालून, नाड्या बांधून, दहा-पंधरा मिनिटे बसून राहायचे. बूट थंड होताना पावलाचा आकार धरून ठेवतो. या वेळी चालायचे नाही, आणि नाड्या बाजूला न खेचता वरच्या दिशेनेच खेचायच्या, कारण नरम कवचातून छिद्रांची कडी निघून येऊ शकते. हा साचा पुरता बसावा म्हणून त्यानंतर दिवसभर तरी बर्फावर न जाण्याचा सल्ला दिला जातो. उष्णतेने कोपरे बुजतात, पण नंबर बदलत नाही. लांबीने चुकलेला बूट भट्टीतून चुकलेलाच बाहेर येतो.

नाड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर बोटांकडे बेताच्या, पावलाच्या पाठीवर आणि घोट्याच्या घडीत घट्ट, आणि सर्वांत वर पुन्हा किंचित सैल, अशी बांधणी बहुतेकांना मानवते. वरचे टोक फार आवळले तर घोटा पुढे वाकत नाही, आणि मग खेळाडू गुडघ्यांऐवजी कमरेत वाकून खेळू लागतो. हलक्या वजनाच्या मुलासाठी घेतलेला फार कडक बूटही हाच परिणाम करतो.

इतके करूनही घोट्याचे एखादे हाड टोचतच राहिले, तर जाणकार कारागीर एक साधी युक्ती करतात. त्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावून पाय काळजीपूर्वक बुटात घालायला सांगतात. पाय बाहेर काढला की अस्तरावर ठिपका उमटलेला असतो. मग बुटाचा तेवढाच भाग तापवून, आतून गोलाकार टोकाच्या दाबयंत्राने तो काही मिलिमीटर बाहेर फुगवतात आणि तसाच थंड होऊ देतात. शेजारची टाचेची खोबण आहे तितकीच घट्ट राहते.