४६ विमाने आणि राहून गेलेली तपासणी

मार्च २००८ मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने साउथवेस्ट एअरलाइन्सला १ कोटी २ लाख डॉलरच्या दंडाची नोटीस बजावली. जून २००६ ते मार्च २००७ या काळात कंपनीच्या ४६ बोइंग ७३७ विमानांनी ५९,७९१ उड्डाणे केली होती आणि त्यांच्या बाहेरच्या पत्र्याची सक्तीची तपासणी झालेलीच नव्हती. ही तपासणी सक्तीची का, हे कळायला वीस वर्षे मागे, थेट हवाई बेटांवर जावे लागते.

२८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचे ७३७ हिलोहून होनोलुलूला निघाले. विमानात चढताना एका प्रवाशाला पत्र्यावर लांबट चीर दिसली होती, पण त्याबद्दल कोणाला काही सांगितले गेले नाही. २४,००० फुटांवर पुढच्या भागातले सुमारे १८ फुटांचे छत उडाले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. वैमानिकांनी विमान कसेबसे माउई बेटावर उतरवले आणि बाकीचे ९४ जण वाचले. त्यात कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसलेला एफएएचाच एक हवाई वाहतूक नियंत्रक होता.

विमान १९ वर्षांचे होते, पण पत्र्याचे वय वर्षांत मोजत नाहीत. दर उड्डाणात आत हवेचा दाब भरला जातो आणि उतरल्यावर सोडला जातो. पत्रा किंचित फुगतो, पुन्हा बसतो. बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्यांमुळे या विमानाने ८९,६८० वेळा हे सोसले होते, तेही खाऱ्या हवेत. पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून आधी चिकटवतात, मग रिव्हेट म्हणजे धातूच्या खिळ्या मारतात. चिकटा सुटला की सगळा भार रिव्हेटवर येतो, प्रत्येक भोकाशी केसाएवढी चीर पडते आणि एक दिवस या चिरा एकमेकींना मिळतात.

अशी चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यासाठी एडी करंटचे, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून चीर हुडकणारे यंत्र लागते. पेनासारखे टोक एकेका रिव्हेटभोवती फिरवायचे आणि पडद्यावरची रेघ उसळते का ते पाहायचे. विमान दिवसा उडते, म्हणून हे काम बहुधा रात्री, परांचीवर उभे राहून, शेकडो रिव्हेटसाठी. माणूस कंटाळणारच. चौकशीत ठपका अलोहाच्या देखभालीवर आला, तसा एफएएवरही. बोइंगने सगळे सांधे तपासायला सुचवले होते, सक्तीचा आदेश मात्र एका सांध्यापुरताच निघाला होता.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ विमान पॅसिफिकमध्ये कोसळले आणि ८८ जण गेले. शेपटीकडचे पंख हलवणाऱ्या लांब स्क्रूला वंगण पुरेसे मिळाले नव्हते, नटाचे आटे झिजून गेले होते. वंगण देण्याच्या दोन वेळांमधले अंतर कंपनीने वाढवत नेले होते. माझ्या मते कळीची गोष्ट ही की, त्या वाढीला नियामकाची मंजुरी होती. कागदोपत्री सगळे नियमात बसत होते.

२००३ पासून एफएएने विमान कंपन्यांना ‘ग्राहक’ म्हणायला सुरुवात केली. शब्द साधा आहे, पण ज्याची झडती घ्यायची त्याला ग्राहक म्हटले की झडती घेणाऱ्याचा हात आपोआप सैल पडतो. त्याच काळात आणखी एक सोय होती. कंपनीने आपली चूक आपणहून कळवली तर दंड टळायचा, अट एकच, चूक तत्क्षणी थांबली पाहिजे. साउथवेस्टला पत्र्याची तपासणी राहिल्याचे लक्षात आले आणि १५ मार्च २००७ ला तिने ते कळवले. नियमाने ती विमाने त्याच क्षणी जमिनीवर यायला हवी होती. ती २३ मार्चपर्यंत उडत राहिली, आणखी १,४५१ उड्डाणे. एफएएच्या पर्यवेक्षकाने ते चालू दिले. त्याच्याशी बोलणारा कंपनीचा अधिकारी पूर्वी एफएएतच निरीक्षक होता. पुढे तपासणी झाली तेव्हा ४६ पैकी ६ विमानांत चिरा सापडल्या.

हे बाहेर काढले एफएएच्याच दोन निरीक्षकांनी, बॉबी बौट्रिस आणि डग्लस पीटर्स यांनी. बौट्रिस २००३ पासून तक्रार करत होते. ३ एप्रिल २००८ ला अमेरिकी खासदार जेम्स ओबरस्टार यांच्या संसदीय समितीपुढे दोघांची साक्ष झाली. एका माजी वरिष्ठाने पीटर्स यांच्या कुटुंबाचा फोटो हातात घेऊन त्यांना आडून कसे धमकावले, हे सांगताना पीटर्स यांना रडू कोसळले.

मग नियामक एकदम कडक झाला. त्याच महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सची एमडी-८० विमाने चाकांच्या कप्प्यातल्या तारांच्या बांधणीवरून थांबवली गेली आणि तीन हजारांहून जास्त उड्डाणे रद्द झाली. साउथवेस्टने २००९ मध्ये ७५ लाख डॉलरवर तडजोड केली. नोकरी सोडलेल्या निरीक्षकाने दोन वर्षे कंपनीतर्फे एफएएशी व्यवहार करू नये, असे बंधन २०१२ च्या कायद्यात आले.

याच एफएएने जानेवारी २०१४ मध्ये भारताची हवाई सुरक्षेची श्रेणी खाली आणली. डीजीसीए या भारताच्या नियामकाकडे पुरेसे प्रशिक्षित निरीक्षक नाहीत, हे त्यातले एक मोठे कारण. एअर इंडिया आणि मुंबईच्या जेट एअरवेजला अमेरिकेची नवी उड्डाणे वाढवता येईनात. श्रेणी परत मिळाली एप्रिल २०१५ मध्ये.

त्याआधी, १ एप्रिल २०११ ला, साउथवेस्टच्याच एका ७३७ च्या छताला अॅरिझोनावर पाच फुटांचे भगदाड पडले. या वेळी तपासणी चुकलेली नव्हती. पत्रा कारखान्यातच नीट बसवला गेला नव्हता, आणि ६०,००० उड्डाणांपर्यंत तिथे पाहायची गरज नाही, असा बोइंगचा हिशेब होता. विमानाची झाली होती जेमतेम ४०,०००.