पात्यावरचे नाव कोणाचे? जपानी सुरीवरच्या खुणांमागचा इतिहास

जपानी सुरीच्या पात्यावर मुठीजवळ उभ्या ओळीत काही अक्षरे कोरलेली असतात. ती वाचता आली की घडवणारा लोहार सापडला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते नाव पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. याचे मूळ ओसाकाजवळच्या साकाई शहरात आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली आणि साकाईत ती चिरायच्या सुऱ्या बनू लागल्या. एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा शासनाने या सुऱ्यांना ‘साकाई किवामे’ हा शिक्का दिला. ती हमी गावाच्या मालाची होती, कोणा एका कारागिराची नव्हे. साकाईत कामही वाटलेले असते: लोहार पाते घडवतो, शिकलगार धार काढतो, मूठ तिसराच बसवतो आणि घाऊक पेढी आपले नाव घालून माल विकते. म्हणून एकाच लोहाराची पाती वेगवेगळ्या नावांनी बाजारात दिसतात.

१८७६ च्या हाइतोरेई आदेशाने तलवार लावून हिंडण्यावर बंदी आली आणि तलवारी घडवणारे कितीतरी हात सुऱ्यांकडे वळले. त्यांच्यामागून नावेही आली. सेकी गावचा मागोरोकु कानेमोतो हा सोळाव्या शतकातला तलवारकार. आज ‘सेकी मागोरोकु’ ही काई कंपनीची सुऱ्यांची मालिका आहे. तलवारीवर सही मुठीत दडलेल्या भागावर असते, म्हणून काहीजण सुरीचीही मूठ ठोकून काढतात. हे करू नये. स्वयंपाकाच्या सुरीचा तो भाग बहुधा कोरा असतो, आणि गंजून फुगलेला असला तर लाकडी मूठ चिरते.

एका नावाची दोन घराणीही असतात. क्योतोचे आरित्सुगु १५६० पासूनचे. तोक्योच्या त्सुकिजीतही आरित्सुगु आहे, पण तो व्यवसाय वेगळा. अशा वेळी शेजारची गावाची अक्षरे निर्णायक ठरतात. शिवाय सगळीच अक्षरे नावाची नसतात. ‘शिरोगामी’ आणि ‘आओगामी’ हे यासुगी गावच्या पोलादाचे प्रकार. त्यांवरच्या पांढऱ्या-निळ्या कागदी लेबलांवरून ही नावे पडली. ‘होनयाकी’ म्हणजे सबंध पाते एकाच पोलादाचे. ‘साकु’ एवढेच सांगते की अमुकाने घडवले. एकाच बाजूने धार असलेल्या उजव्या हाताच्या सुरीवर नाव उजव्या अंगाला असते. दुसऱ्या अंगाला वेगळे नाव दिसले तर ते मालकाचे असू शकते, कारण दुकाने गिऱ्हाइकाचे नावही कोरून देतात.

निर्यातीच्या सुऱ्यांचा काळ रोमन अक्षरांवरून ठरवणे सोपे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तिथे जाणाऱ्या मालावर ‘निप्पॉन’ चाले. १९२१ पासून ‘जपान’ लिहावे लागले. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर सुरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या दोस्त राष्ट्रांच्या ताब्याच्या काळातली.

वाचण्याआधी खुणेला पॉलिश पेपर लावू नका. कोरणी उथळ असते आणि गंजाबरोबर तीही जाते. तेल लावून तासभर ठेवा, लाल गंज मऊ कापडाने पुसा, काळसर थर राहू द्या. पाते कोरडे करून रेघांत टाल्कम पावडर भरा, वरची पुसून टाका आणि उजेड आडवा पाडून समोरून फोटो घ्या. ठशाची खोली सर्वत्र सारखी दिसते. छिन्नीने कोरलेल्या रेघा कमी-जास्त खोल, तुटक आणि कोनदार असतात. वळणाचे अक्षरही सरळ तुकड्यांत कोरले जाते, त्यामुळे फोनवरची भाषांतराची ॲप इथे हमखास चुकतात. त्यापेक्षा रेघा मोजून, त्याच गावच्या पेढ्यांच्या ज्ञात खुणांशी अक्षर ताडून पाहावे.