एडीस अळी निर्देशांक

एडीस ईजिप्ती या डासाच्या अळ्यांचा एखाद्या वस्तीतील प्रादुर्भाव दाखवणारे अंक. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वर (यलो फीवर) यांच्या स्थानिक नियंत्रणाची आखणी करताना ते वापरतात. तीन निर्देशांक रूढ आहेत. तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, तो घर निर्देशांक (हाउस इंडेक्स). पाणी असलेल्या दर शंभर भांड्यांपैकी किती दूषित (म्हणजे अळ्या असलेली) निघाली, तो भांडी निर्देशांक (कंटेनर इंडेक्स). दर शंभर घरांमागे दूषित भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. २०० घरांतील ६०० भांडी तपासली आणि १० घरांत मिळून २४ भांडी दूषित निघाली, तर हे अंक अनुक्रमे ५, ४ आणि १२ येतात. ब्रेटो निर्देशांक ही टक्केवारी नव्हे. तो शंभरापलीकडेही जाऊ शकतो.

पहिल्या दोन निर्देशांकांचे श्रेय सामान्यतः कॉनर आणि मन्रो यांच्या पीतज्वर नियंत्रणावरील १९२३ च्या लेखाला दिले जाते. त्या काळी एडीस ‘स्टेगोमिया’ या नावाने ओळखला जात असल्याने जुन्या ग्रंथांत ‘स्टेगोमिया निर्देशांक’ असा उल्लेख आढळतो. मात्र घरोघर पाणीसाठे तपासण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. पीतज्वर डासामुळे पसरतो हे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांचे १८८१ मधील अनुमान अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे हवानात १९०१ पासून विल्यम गॉर्गस यांनी आणि रिओ द जानेरोत १९०३ पासून ओस्वाल्दो क्रूझ यांनी तपासणी पथके कामाला लावली. दूषित घरांची मोजदाद या मोहिमांतच रुळली असावी आणि १९२३ च्या लेखाने तिला सूत्राचे रूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिसऱ्या निर्देशांकाबाबत असा वाद नाही. तो ब्रेटो यांच्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील पीतज्वरावरील १९५४ च्या लेखातून आला.

सर्वेक्षक विजेरीच्या उजेडात पाणी पाहतो. उजेड किंवा सावली पडताच अळ्या तळाशी जातात, म्हणून क्षणभर थांबावे लागते. श्वास घेण्यासाठी वर आलेली एडीसची अळी पृष्ठभागाला तिरकी लटकते, तर हिवतापाच्या ॲनोफिलीस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. शंका असल्यास पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात. बंद घरे आणि छतावरील टाक्या बहुधा तपासणीतून सुटतात. त्यामुळे निर्देशांक प्रत्यक्षाहून कमी भरतो.

खरा वाद धोक्याच्या पातळीचा आहे. घर निर्देशांक ५ च्या खाली असल्यास शहरात पीतज्वर पसरत नाही, तसेच ब्रेटो निर्देशांक ५ च्या खाली असल्यास धोका कमी व ५० च्या वर गेल्यास जास्त, हे आडाखे पीतज्वराच्या अनुभवातून आले आणि पुढे डेंग्यूलाही लावले गेले. सिंगापूरमध्ये मात्र घर निर्देशांक २ च्या आसपास असतानाही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डेंग्यू पुन्हा वाढला. लोकसंख्येतील प्रतिकारशक्ती घटणे आणि घराबाहेर संसर्ग होणे ही कारणे त्यासाठी पुढे केली जातात. बोमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील आढाव्यातही अळी निर्देशांक व डेंग्यूचा प्रसार यांच्यातील संबंधाचा पुरावा तोकडा ठरला. सर्वत्र लागू पडेल अशी सुरक्षित पातळी नाही, हे मत आता अधिक ग्राह्य दिसते. साफसफाई व अळीनाशकाचे काम कितपत झाले हे पाहण्यास निर्देशांक उपयोगी आहेत. साथीचे भाकीत त्यांच्यावर सोपवणे धोक्याचे.

आणखी एक आक्षेप असा की, दोन अळ्यांची बाटली आणि शेकडो अळ्यांचे पिंप या मोजणीत सारखेच धरले जातात. अनेक अळ्या वाढ पुरी होण्याआधीच मरतात, कोषातून (अळीनंतरच्या अवस्थेतून) मात्र बहुधा डास बाहेर पडतो. म्हणून फॉक्स आणि चॅडी यांनी १९९७ मध्ये त्रिनिदादमधील पाहणीच्या आधारे दरमाणशी कोष मोजण्याचा पर्याय मांडला. त्यातून बहुतेक डास मोजक्या प्रकारच्या भांड्यांत निपजतात हे कळते आणि कामाचा रोख ठरवता येतो. पण प्रत्येक भांड्यातील कोष मोजणे वेळखाऊ असल्याने नित्याच्या सर्वेक्षणात ही पद्धत कमीच वापरली जाते.

अळ्या विरळ असतील तेथे अंडी-सापळे लावतात. काळ्या भांड्यात थोडे पाणी आणि खरखरीत पट्टी ठेवली की मादी पट्टीवर पाण्याच्या पातळीलगत अंडी घालते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून असा सापळा दर आठवड्याला रिकामा न केल्यास त्यातूनच डास निघतात.