पद्मकाष्ठ

पद्मकाष्ठ : (सं. पद्मक, हिं. पद्माक, गढवाली पंय्या, नेपाळी पैयूँ, शास्त्रीय नाव प्रुनस सेरासॉइडिस, कुल रोझेसी). हिमालयातला मूळचा रानचेरीचा वृक्ष. हिमाचल प्रदेशापासून नेपाळ, ईशान्य भारत, म्यानमार ते उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीनपर्यंत तो आढळतो. हिमालयात साधारण १,२०० ते २,४०० मी. उंचीवर. सह्याद्रीत तो वाढत नाही. मराठी माणसाला त्याची ओळख आहे ती काष्ठौषधींच्या दुकानातल्या लालसर तपकिरी ढलप्यांतून.

या झाडाचे खरे नवल त्याच्या बहरात आहे. चेरीच्या बहुतेक जाती थंडी सरल्यावर वसंतात फुलतात. पद्मक मात्र पावसाळा संपला की पाने झाडतो आणि कार्तिक-मार्गशीर्षात, डोंगर उघडे पडत असताना, फिकट गुलाबी फुलांनी भरून जातो. त्या दिवसांत मधमाश्यांना दुसरे फारसे काही मिळत नाही, म्हणून पहाडातल्या कार्तिकी मधात या फुलांचा मोठा वाटा असतो. शिलाँगमध्ये २०१६ पासून नोव्हेंबरात होणारा चेरी ब्लॉसम महोत्सव याच बहराचा. गढवाल-कुमाऊँत हा देववृक्ष मानतात; लग्न-मुंजीच्या मांडवाला याच्या डहाळ्या लागतात.

फळ लहान, लंबगोल. आधी पिवळे, पिकल्यावर लाल. चव आंबट-तुरट, गर थोडा. बाजारातल्या गोड चेरीच्या अपेक्षेने तोंडात टाकणाऱ्याची निराशा होते, पण पक्ष्यांना ते प्रिय आहे. बी चावून खाऊ नये : तिच्यात सायनाइड सुटणारी द्रव्ये असतात. कठीण बियांच्या माळा करतात.

लाकूड कठीण, टिकाऊ आणि सुवासिक. फांद्यांच्या हातकाठ्या होतात. नावामुळे हा कमळाचाच एखादा भाग असावा असे वाटते, पण संबंध वासाचा आहे : भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला ‘पद्मगंधि’, म्हणजे कमळासारख्या वासाचे, म्हटले आहे. चरकसंहितेने पद्मक वर्ण्य (कांती सुधारणारी) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणारी) या औषधींच्या दोन्ही गणांत, म्हणजे गटांत, घातले आहे. जुन्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांतले ‘प्रुनस पुडुम’ हे नावही ‘पद्म’वरूनच आले.

झाड झपाट्याने वाढते. उत्तर थायलंडमध्ये उजाड डोंगरांवर पुन्हा वन उभे करताना ते सुरुवातीलाच लावतात. फुलाफळांसाठी येणारे पक्षी विष्ठेतून इतर वृक्षांच्या बिया तिथे टाकून जातात.