तालमीत मानेवर पडलेल्या पोराला लगेच उचलू नका

आपल्या कोल्हापुरात तालमीत मान धरली की कुणीतरी तेल लावून चोळतं, नाहीतर झटका देऊन मोकळी करतं, लहानपणापासून बघत आलोय. पण ढाक (कुस्तीतला पाडायचा डाव) बसून पोरगं डोक्यावर आपटलं आणि "वस्ताद, हाताला मुंग्या आल्यात, पाय उचलंना" असं म्हणालं तर त्या मानेला झटका बिटका अजिबात द्यायचा नाही, अगदी कळकळीनं सांगतोय.

मानेत 7 मणके, त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, जाडी साधारण करंगळीएवढी. मेंदूचे हातापायाला जाणारे सगळे निरोप त्यातूनच जातात, आणि श्वासाचेसुद्धा! छाती आणि पोटाच्या मधला जो पडदा हलून आपण श्वास घेतो, त्याच्या नसा मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात. त्याच्या वर जोरात मार बसला तर श्वासच बंद पडतो. जरा खाली बसला तर श्वास चालतो पण छाती फुगत नाही, नुसतं पोट वरखाली होतं, हे मातीत पडलेल्या पोराकडं नीट बघितलं तरी दिसतं.

मणका मोडला म्हणजे रज्जू तुटलाच असं नसतं. बऱ्याचदा तो दबलेला, चेचलेला असतो, आणि मग सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो, त्यात जे शाबूत होतं तेही जायला लागतं. म्हणून दवाखान्यात बीपी पडू देत नाहीत, ऑक्सिजन बघतात, सीटी-एमआरआय करतात आणि रज्जूवर दाब असेल तर शक्यतो 24 तासांच्या आत ऑपरेशन करून तो काढतात. पूर्वी स्टेरॉइडचे मोठे डोस द्यायचे, आता सरसकट देत नाहीत, फायदा थोडा आणि इन्फेक्शनची भीती जास्त.

पण हे सगळं नंतरचं. चौघांनी हातपाय धरून रिक्षात कोंबलं आणि मान लोंबकळली, तर सैल झालेला मणका वाटेतच रज्जूत घुसू शकतो. त्यापेक्षा 108 ला फोन लावा आणि पोराला मातीतच राहू द्या, पाणी पाजू नका. एकानं डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरायचं. उलटी आली तर ओंडका लोळवतात तसं डोकं, खांदे, कंबर सगळं एकदम कुशीवर. आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी मानेला कॉलर, म्हणजे आधाराचा पट्टा, लावला म्हणून डोकं धरणाऱ्यानं हात सोडायचा नाही, स्ट्रेचरला पट्टे आवळून ते "आता सोडा" म्हणेपर्यंत धरून ठेवायचं.