लोकरी व पश्मिना वस्त्रांची घरगुती धुलाई

मेंढीच्या लोकरीचे आणि शेळीच्या पश्माचे कपडे (स्वेटर, मफलर, कानटोपी, शाल) घरी धुण्याची, वाळवण्याची व पुढच्या थंडीपर्यंत जपून ठेवण्याची रीत. ग्वाल्हेरला जानेवारीत रात्रीचे तापमान 5° से.च्या आसपास उतरते, तर मे-जूनमध्ये पारा 45° से.पर्यंत चढतो. त्यामुळे शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील मराठी घरांत हे कपडे वर्षाचा बराच काळ पेटीतच असतात आणि धुण्याइतकेच ठेवण्यालाही महत्त्व येते.

लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. ओलावा, उष्णता आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात आणि परत फिरत नाहीत. कापड आटते ते यामुळे. नमदा (लोकर न विणता दाबून केलेले जाड कापड) मुद्दाम याच गुणाचा उपयोग करून बनवतात. पश्म हा लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या अंगावरचा आतला मऊ थर. वसंतात तो गळू लागतो तेव्हा विंचरून काढतात. त्याची जाडी सुमारे 12 ते 15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. ‘पश्म’ हा फार्सी शब्द. ‘कॅश्मिअर’ हे काश्मीरच्या नावाचे युरोपीय रूप.

धुण्याच्या द्रव्यांचा जुना निर्देश मनुस्मृतीत (5.120) सापडतो. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. 2 रे ते इ. स. 3 रे शतक यांदरम्यान धरला जातो. रेशीम व मेंढीची लोकर ‘ऊष’ म्हणजे खारी, क्षारयुक्त माती लावून, तर ‘कुतप’ हे वस्त्र ‘अरिष्टक’ वापरून शुद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही हाच भेद आहे. कुतप म्हणजे काय, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. मनुस्मृतीचा टीकाकार कुल्लूक नेपाळी कांबळे असा अर्थ घेतो, तर याज्ञवल्क्य स्मृतीचा टीकाकार विज्ञानेश्वर याच्या मते ते डोंगरी शेळीच्या केसांचे कांबळे. त्यावरून थेट पश्मिन्यापर्यंत जाणे धाडसाचे ठरेल. तरी कुतपासाठी मेंढीच्या लोकरीपेक्षा वेगळे द्रव्य सांगितले आहे, ही गोष्ट दुसऱ्या अर्थाला अधिक अनुकूल वाटते. ‘अरिष्ट’ हे कडुनिंबाचेही नाव आहे. मात्र निंबाला फेस येत नाही आणि मराठी ‘रिठा’ हा शब्द अरिष्टकावरूनच आलेला असल्याने येथे रिठाच अभिप्रेत असावा. क्षाराने केराटिन कमजोर होते, हे आज ठाऊक आहे. जाड घोंगड्यांतील तेलकट मेण काढण्यापुरता सौम्य क्षार चालत असावा. नाजूक तंतूला तो सोसत नाही.

रिठ्यातील सॅपोनिन फेस आणते आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. एका स्वेटरला आठ-दहा रिठे पुरतात. बिया काढून टरफले रात्रभर भिजवावीत, सकाळी कुस्करून पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे. फडके विरळ असेल तर तपकिरी कण पांढऱ्या लोकरीत अडकतात. बोअरिंगच्या जड पाण्यात साध्या साबणाचा चिकट साका लोकरीवर बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही. बाजारातील लोकरीसाठीचे द्रव साबणही चालतात. कपड्याच्या पावडरीत बहुधा प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, ती टाळावीत. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर लोकर विरघळते.

पाणी 30° से.पेक्षा गरम नको, आणि धुताना व खळबळताना ते सारखेच असावे. स्वेटर उलटा करून दहा मिनिटे बुडवावा, तळव्यांनी नुसता दाबावा. चोळू नये, पिळू नये. उचलताना दोन्ही हात खाली घालून गोळा उचलावा. एका बाहीला धरले तर पाण्याच्या वजनाने ती वीतभर लांबते. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत, विणलेल्या खाटेवर चादर टाकून आडवा पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. दोरीवर टांगलेल्या स्वेटरचे खांदे पुन्हा जागेवर येत नाहीत.

कसर लागते ती अळीमुळे. पतंग स्वतः लोकर खात नाही. घामाचे व अन्नाचे डाग असलेली जागा अळी आधी गाठते, म्हणून होळीनंतर कपडे धुऊन, पूर्ण कोरडे करूनच पेटीत ठेवतात. वेखंडाची पुरचुंडी किंवा डांबरगोळ्या घालण्याची चाल आहे. डांबरगोळ्या कापडात बांधाव्यात, लोकरीला टेकवू नयेत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पेटी एकदा उपसून घड्या झटकून बदलाव्यात; अंडी घडीच्या आतल्या मोडीत असतात.