हिरडा, हिरडी आणि कोल्हापुरी चप्पल

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे मॉडेल आपल्या कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल घालून चालले आणि चप्पल लाईनच्या बाजारापासून व्हॉट्सॲपच्या ग्रुपपर्यंत सगळं कोल्हापूर पेटलं. श्रेय कुणाचं, किंमत किती, 2019 मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मग कशाला, असं सगळं बोलून झालं. त्या गदारोळात ते कातडं कमावतात कशानं, हे मात्र कुणी विचारलं नाही. पारंपरिक पद्धतीत ते बाभळीच्या सालीनं आणि हिरड्याच्या पुडीनं कमावतात. आता घरातला आयुर्वेदिक दंतमंजनाचा डबा उलटा करून घटक वाचा. बाभूळ, हिरडा, बेहडा, खैर यांतलं निदान एखादं नाव सापडेलच. हा योगायोग नाही. दोन्हीकडे काम करणारं रसायन एकच आहे, ते म्हणजे टॅनिन.

जनावराचं ताजं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींत पिळलेल्या असतात. ते ओलं ठेवलं की सडतं, कारण जिवाणूंची एन्झाइम्स या साखळ्या तोडतात. टॅनिनच्या रेणूत बरीच फिनॉलची कडी असतात आणि प्रत्येक कड्यावर हायड्रॉक्सिल गट. हे गट प्रथिनाच्या कण्याशी हायड्रोजन बंधानं जोडले जातात. कोलॅजेनमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. त्याचं सपाटसर कडं टॅनिनच्या कड्यावर बेतानं बसतं, ती पकड वेगळीच. टॅनिनचा एक रेणू अशा तीन-चार ठिकाणी धरतो, म्हणजे शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. मधलं पाणी हटतं, एन्झाइमला शिरायला फट उरत नाही. कातडं कमावलं गेलं.

हे रसायनशास्त्र जड वाटलं तर घरी बघा. हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी गाळून घ्या आणि त्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाचे दोन थेंब सोडा. पाणी लगेच गढूळ होतं आणि तळाशी पांढुरका गाळ बसायला लागतो. अंडं चालत नसेल तर कडक कोरा चहा पिऊन बघा, मग त्यातच दूध घालून प्या. दुधातलं प्रथिन टॅनिनला आधीच पकडतं, म्हणून जिभेला ओढ बसत नाही.

तोंडातही असंच घडतं. आपल्या लाळेत प्रोलिन भरलेली प्रथिनं असतात. हिरड्याचा तुकडा चघळला की टॅनिन त्यांना धरून साका पाडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. म्हणजे तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाचीच गोष्ट जास्त. आपल्याकडे तो सहा रसांत मोजला, आणि दातवणासाठी कडू, तुरट, तिखट झाडं निवडली. प्राचीन वैद्य सुश्रुतानं कडूत निंब, तुरटात खैर, तिखटात करंज श्रेष्ठ सांगितला, गोडात मोह. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, बिनगाठीची. तोंड आलेलं असताना, टाळू-ओठ सुजलेले असताना काडी वापरू नये, हेही त्यानंच बजावलंय. दुसरा प्राचीन वैद्य वाग्भट तर दातवण सकाळी आणि जेवणानंतरही करायला सांगतो, तेही हिरड्यांना इजा न करता. आपण सकाळी एकदाच ब्रश करतो आणि तोही भांडी घासल्यासारखा!

मग टॅनिननं फायदा काय होतो? सुजलेल्या हिरडीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं साकळतात, स्राव आणि रक्त येणं थोडं कमी होतं. दुसरं जास्त मजेशीर आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू साखरेपासून डिंकासारखा चिकट थर बनवतो आणि त्याच्या जोरावर दाताला धरून राहतो. हा डिंक विणणारं एन्झाइमही शेवटी प्रथिनच, तेव्हा टॅनिन त्यालाही धरतं. प्रयोगशाळेत हे चांगलं दिसतं. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत त्रिफळ्याच्या (हिरडा, बेहडा आणि आवळा) चुळांनी दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली आहे. पण चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या, त्यावरून डांगोरा पिटण्यात अर्थ नाही.

शिवाय हे सगळं हिरडीबद्दल आणि दातावरच्या थराबद्दल झालं. दाताच्या वरच्या आवरणाची, इनॅमलची, गोष्ट निराळी. त्यात वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं, कोलॅजेन जवळजवळ नाहीच. टॅनिननं धरावं काय? इनॅमलचा शत्रू आम्ल. जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं. पुढे अर्ध्या-एक तासात लाळ तो पुन्हा वर आणते आणि थोडं खनिज परत बसवते. फ्लोराइड इथं कामाला येतं, कारण फ्लोराइड मिळालेलं खनिज साधारण साडेचार पीएचपर्यंत तग धरतं. म्हणून मंजन आवडत असेल तर जरूर वापरा, पण फ्लोराइडची पेस्ट सोडून नको.

इथं आपल्या गुळाचा विषय काढावाच लागतो. ‘साखरेनं दात किडतात, गुळानं नाही’ हे आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं की गुऱ्हाळावर पोरं काकवीनं हात माखून बसली तरी कुणी हटकत नाही. गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं. जिवाणूला ते पांढरं आहे की पिवळं याच्याशी कर्तव्य नाही. उलट गूळ चिकट, दाढेच्या खाचेत बसून राहतो. जेवणाबरोबर खाऊन चूळ भरलेली बरी, दिवसभर तोंडात खडा नको. गंमत म्हणजे वाग्भट किडलेल्या दाताच्या भोकात गूळ किंवा मेण भरून डाग द्यायला सांगतो. तिथं तो औषध म्हणून नाही, डागण्याच्या सोयीसाठी आहे.

‘कीड’ म्हटली की अजूनही काहींना खरोखरची अळी डोळ्यांसमोर येते. बाजारात धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे असतात. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून हाच खेळ चालायचा. बी तापून फुटलं की आतला वळलेला कोंब बाहेर पडतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. किडा बियांतून पडतो, दातातून नाही. 1728 मध्येच पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं दातातल्या अळीची कल्पना फेटाळली होती.

तेलाच्या गुळण्यांचंही तसंच. पूर्ण तोंड भरून तेल नुसतं धरायचं ते गंडूष, खुळखुळवता येईल इतकं घ्यायचं ते कवल, एवढा काटेकोर फरक सुश्रुतानं केलाय. आता त्याला ‘डिटॉक्स’ म्हणून विकतात. तेलानं तोंड मऊ राहतं, थर थोडा सैल होतो, पण रक्तातली विषं तोंडावाटे निघत नाहीत. आणि मशेरी! ‘हिरड्या घट्ट होतात’ म्हणून अजून आयाबाया ती लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे, तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे. आयुर्वेदाशी तिचा काडीचा संबंध नाही.

दातांवर किटण चढलं की मात्र मंजनही हरतं. लाळेतलं कॅल्शियम बसून तो थर दगडासारखा झालेला असतो. सुश्रुत त्याला दंतशर्करा म्हणतो आणि लेप-काढे सांगत बसत नाही. दंतमूलाला इजा न करता ती खरवडून काढा, असं सरळ सांगतो. मग लाखेचं चूर्ण मधातून चोळायचं. दवाखान्यात दात साफ करून घेतात ते हेच. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ ही भीती उलटी आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणानं त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवलेलं असतं. ते निघालं, सुजलेली हिरडी उतरली की फटी दिसतात आणि काही दिवस गार पाणी झोंबतं.